मेलेल्यांनी तळ्यावर जावे

शत्रुराष्ट्राचं राष्ट्रगीत चालू असताना मला शिंक आली.

राष्ट्रगीत तसं फार लांब नव्हतं. आमचे विंग कमांडर दिगंत बरुआ ते माउथऑर्गनवर वाजवायचे, दोन कडवी, आणि आम्ही सहा वैमानिक ब्रीफिंगच्या खोलीत खुर्च्यांमागे ताठ उभे राहून ऐकायचो. शिंक दुसऱ्या कडव्यात आली. बरुआसाहेबांनी माउथऑर्गन तोंडापासून बाजूला केला, रुमालाने पुसला आणि पुन्हा पहिल्या कडव्यापासून सुरुवात केली.

संपल्यावर म्हणाले, “वाघचौरे, तुझ्या देशाचं गीत चालू असताना तू शिंकतोस?”

“सर, माझा देश भारत आहे.”

“सकाळी सहा ते संध्याकाळी सहा नाही.”

हे बोलणं अर्थात इंग्रजीत झालं. तळावर सगळंच इंग्रजीत किंवा हिंदीत चालायचं. मी आपल्या सोयीसाठी मराठीत सांगतोय. मराठीत जे बोललं गेलं ते वेगळं सांगेन, कारण सगळा घोळ त्यानेच झाला.

तर हवाई दलाला सरावासाठी शत्रू लागतो. खरा शत्रू सरावाला येत नाही, म्हणून आपल्यातल्याच काहींना शत्रू व्हावं लागतं. वाळवंटातल्या त्या तळावर ते काम आमच्या तुकडीकडे होतं. कागदावर आम्ही ‘लाल पक्ष’ आणि समोरचे ‘निळा पक्ष’. बाकी कुणीही एवढ्यावर भागवलं असतं. बरुआसाहेबांना ते पटेना. नुसत्या रंगासाठी माणूस जीव कसा देईल, असं त्यांचं म्हणणं. म्हणून त्यांनी आम्हाला एक देश काढून दिला. झोरानिया. त्याची एक जाड फाइल होती. तिच्यात नद्या होत्या, पिकं होती, तेरा महिन्यांचं कॅलेंडर होतं आणि एक राष्ट्रीय मिठाई होती, म्हणजे मेसच्या आचाऱ्याने लाल रंगात बुडवलेला पेठा. फाइलचा शेवटचा भाग होता ‘झोरानियाचा वैमानिक : स्वभाव व सवयी’. तो आम्हाला पाठ होता. झोरानियाचा वैमानिक पहिला हल्ला खालून करतो. पाठलाग झाला की डावीकडे वळतो. आणि अखेरचे शब्द बोलल्याशिवाय मरत नाही.

मी दोन वर्षं झोरानियात होतो. रोज जायचं, फाइलप्रमाणे उडायचं आणि आपल्याच लोकांच्या हातून मरायचं. घरी संगमनेरला माझं लग्न जमवायचं चाललं होतं. मुलीच्या वडिलांनी विचारलं, “हवाई दलात नेमकं काय करता आपण?”

मी म्हटलं, “शत्रू असतो.”

“आणि?”

“आणि मग आपले लोक मला पाडतात.”

ते चहा संपवून गेले. पोह्यांना हातसुद्धा लावला नाही.

बदलीचा अर्ज मी चार वेळा केला होता. चारही वेळा तो ‘देशाला गरज आहे’ असा शेरा मारून परत आला. कुठल्या देशाला, ते लिहिलेलं नसायचं. पण त्या दिवशी राष्ट्रगीतानंतर बरुआसाहेबांनी मला थांबवलं, खिशातून माझा पाचवा अर्ज काढला आणि टेबलावर ठेवला. त्याच्यावर पेन ठेवलं.

“आज समोर तिरुमूर्ती स्वतः आहे,” ते म्हणाले. “त्याला पाड. दुपारी सही करतो.”

ग्रुप कॅप्टन तिरुमूर्ती निळ्या पक्षाचे प्रमुख. अकरा वर्षांत सरावात त्यांना कुणी पाडलं नव्हतं. निळ्या पक्षाच्या खोलीत सागवानाची एक फळी टांगलेली होती. तिच्यावर पितळी अक्षरांत ‘ग्रुप कॅप्टन तिरुमूर्ती यांना पाडणारे’ एवढंच होतं आणि खाली रिकामी जागा. ती फळी कुणा चेष्टेखोराने नव्हे, साहेबांनी स्वतः करवून घेतली होती. दर महिन्याला तिला पॉलिश व्हायचं.

“आणि नाही पडले तर, सर?”

“तर अजून दोन वर्षं देशसेवा.”

उड्डाणाचा पोशाख चढवायची खोली दोन्ही पक्षांना एकच होती. शत्रूसाठी वेगळी खोली बांधायला मंजुरी मिळाली नव्हती. त्यामुळे माझ्या खुंटीशेजारची खुंटी फ्लाइंग ऑफिसर मृणाल देसलेची होती. धुळ्याची पोरगी. तळावर मराठी बोलणारे आम्ही दोघंच.

“जय झोरानिया, सर,” ती म्हणाली.

“सकाळी सकाळी डोकं फिरवू नको, देसले.”

“आज कोण येतंय तुमच्याकडून?”

“बरुआसाहेब आणि मी. तुमच्याकडून?”

“तिरुमूर्तीसाहेब पुढे, मी त्यांच्या पाठीशी.” ती पायाला आवळणारी विजार ओढत होती. कसरत करताना रक्त पायात उतरू नये म्हणून ही विजार फुगते आणि मांड्या आवळते. चढवताना कुणीच रुबाबदार दिसत नाही. “आज माझी परीक्षा आहे, सर. दुसरी. म्हणजे शेवटची.”

“पहिल्या वेळी काय झालं होतं?”

ती विजार ओढायची थांबली आणि तिने माझ्याकडे बघितलं.

“तुम्ही झालात. तुम्ही समोरून पळालात, मी तुमच्या मागे लागले, आणि तेवढ्यात बरुआसाहेब आमच्या लीडरवर आले. तिरुमूर्तीसाहेबांनी शेऱ्यात लिहिलं, ‘पाठलागाची हौस’. आज त्यांच्यापर्यंत कुणी पोचलं, की मी मालवाहू विमानावर. कांदे-बटाटे घेऊन लेहला.”

“वाईट काय त्यात? कांदे पळून जात नाहीत.”

“सर, माझे अप्पा एसटीत ड्रायव्हर होते. तीस वर्षं लोकांची गाठोडी वाहिली त्यांनी. मला म्हणाले, तू तेवढी गाठोडी वाहू नको.” तिने चेन वर ओढली. “तुम्ही आज नीट मरा म्हणजे झालं.”

“मी नेहमी नीटच मरतो. तुला मारता आलं पाहिजे.”

“येईल,” ती म्हणाली आणि हेल्मेट उचलून गेली.

मरण्याची पद्धत सांगून ठेवतो. सरावात क्षेपणास्त्र खरं नसतं. ते सोडलं असं तोंडाने म्हणायचं. शत्रूच्या मागे नीट जागा घेतली, की रेडिओवर जाहीर करायचं, “लाल दोन, मेला.” मग लाल दोनने स्वतः म्हणायचं, “मेलो,” पंख दोनदा हलवायचे आणि दक्षिणेच्या तळ्यावर जाऊन बाकीचे मरेपर्यंत घिरट्या घालायच्या. तळ्याला नकाशात नुसता नंबर होता. मी त्याला वैकुंठ म्हणायचो. कुणी मेलं की नाही यावर वाद घालायचा नसतो, कारण मेलेल्याचा शब्द शेवटचा. तो ‘मेलो’ म्हणत नाही तोवर जिवंत. आता हवेत ताशी हजार किलोमीटरने जाताना कोण कुणाला तपासायला येणार? तेव्हा सगळा कारभार त्या एका शब्दावर चालतो. शाळेत आट्यापाट्या खेळलेल्या कुणालाही यातली अडचण लक्षात येईल.

दहा चाळीसला आम्ही त्यांच्यावर खालून गेलो. फाइलप्रमाणे.

बरुआसाहेब, म्हणजे लाल एक, पुढे होते. मी लाल दोन, त्यांच्या मागे. दीड मिनिटात तिरुमूर्तींनी त्यांच्या मागे जागा घेतली आणि घरी पेपर वाचून दाखवावा अशा आवाजात म्हणाले, “लाल एक, मेला.”

दुसरा कुणी असता तर ‘मेलो’ म्हणून तळ्याकडे गेला असता. बरुआसाहेबांनी रेडिओचं बटण दाबलं आणि अखेरचे शब्द सुरू केले.

“झोरानियाच्या मातांनो! माझं रक्त तुमच्या गव्हाच्या शेतांत—”

रेडिओवर एका वेळी एकालाच बोलता येतं. दोघं बोलले, तर बाकीच्यांना फक्त कर्कश शिट्टी ऐकू येते. त्या दिवशी साहेबांचे अखेरचे शब्द बावीस सेकंद चालले. गव्हानंतर नद्या आल्या, नद्यांनंतर विधवा. त्याच सुमारास मध्येच रेडिओवर शिट्टी वाजली, दोनेक सेकंद, आणि पुन्हा विधवा सुरू झाल्या. मी डोकं खाली घालून तसाच पुढे गेलो. तिरुमूर्ती बरुआसाहेबांना मारून नुकतेच सरळ होत होते. सरळ होणारं विमान मोठं दिसतं. इतकी सोपी जागा मला दोन वर्षांत मिळाली नव्हती.

“निळा एक,” मी म्हणालो. आवाज चिरकला. खाकरून परत म्हणालो, “निळा एक, मेला.”

अकरा वर्षांची शांतता पसरली.

मग देसलेचा आवाज आला. “लाल दोन आधीच मेलेला आहे. मी मारलंय त्याला. दहा बेचाळीस.”

जमिनीवरून रडारवर बसलेला कंट्रोलर म्हणाला, “माझ्याकडे तशी नोंद नाही. इथे शिट्टी ऐकू आली. लाल दोन, तुम्ही सांगा.”

“लाल दोन,” मी म्हणालो. “मला काही ऐकू आलं नाही.”

तिरुमूर्ती म्हणाले, “निळा एक. मेलो.” त्यांनी पंख हलवले. बरोबर दोनदा. आणि ते तळ्याकडे वळले. तिथे बरुआसाहेब आधीच घिरट्या घालत होते.

“या सर,” बरुआसाहेब म्हणाले. “बरीच वाट बघितली.”

उतरलो तर आमच्या तुकडीने मला खांद्यावर घेतलं. कुणीतरी लाल पेठा माझ्या तोंडात कोंबला. निळ्या पक्षाच्या खोलीत फळीसाठी पेंटरला बोलावणं गेलं होतं, तेही तिरुमूर्तींनीच पाठवलेलं, कारण माणूस नियमाचा पक्का. बरुआसाहेबांनी मला मिठी मारली आणि कानात सांगितलं, “चर्चा झाली की लगेच सही. पेन भरून ठेवलंय.”

देसले लांब उभी होती, हेल्मेट कडेवर घेऊन. माझ्याकडे आली नाही. मीही गेलो नाही.

उड्डाणानंतरची चर्चा हा आमच्याकडे देवघरासारखा प्रकार. दार बंद, हुद्दे बाहेर, झालं ते झालं तसं सांगायचं. टेबलाच्या एका बाजूला मी आणि बरुआसाहेब, दुसऱ्या बाजूला तिरुमूर्ती आणि देसले, कोपऱ्यात कंट्रोलर.

तिरुमूर्तींचा चेहरा उतरला होता. मरायची सवय नसली की असं होतं.

“देसले,” ते म्हणाले, “तुझं म्हणणं?”

“सर, दहा बेचाळीसला मी लाल दोनच्या मागे होते. दोन किलोमीटर. मी जाहीर केलं.”

“तेव्हा मी बोलत होतो,” बरुआसाहेब म्हणाले.

“तेव्हा तुम्ही मेलेले होतात,” तिरुमूर्ती म्हणाले.

“मरत होतो, सर. त्याला वेळ लागतो.”

“देसले, तुझं रेकॉर्डिंग?”

प्रत्येक विमानात एक कार्ड असतं. समोरचं दृश्य आणि आवाज त्याच्यात साठतात. देसलेचं कार्ड लावलं तर कोरं निघालं. नुसता निळा पडदा. ती म्हणाली, “माझ्याकडे दुसरं काही नाही, सर.”

“मग लाल दोनचं लावा,” तिरुमूर्ती म्हणाले.

मी निर्धास्त होतो. माझ्या रेडिओवरसुद्धा शिट्टीच वाजली होती, हे अगदी खरं होतं. कार्ड सुरू झालं. पडद्यावर आकाश, खाली वाळू. गहू आला, नद्या आल्या. शिट्टी वाजली. शिट्टी थांबली.

आणि मग कॉकपिटमधला माझा आवाज आला. रेडिओचं बटण दाबलेलं नव्हतं, त्यामुळे तो बाहेर कुणालाच गेला नव्हता. पण हेल्मेटमधला माइक कार्डासाठी सतत चालू असतो, हे मी दोन वर्षांपूर्वी शिकलो होतो आणि त्या दिवशी विसरलो होतो.

आवाज म्हणाला, “मेलो.”

मराठीत.

तिरुमूर्तींनी कार्ड थांबवलं. “हे काय?”

“मराठी, सर,” मी म्हणालो.

“ते कळलं. अर्थ?”

माझ्या घशात पेठा आला. तेवढ्यात ते देसलेकडे वळले. “तू तिकडचीच ना? तू सांग.”

देसले उठून उभी राहिली. मी मनातल्या मनात अर्ज, पेन, फळी, सगळ्यांचा निरोप घेतला. एका शब्दाचं काम होतं.

“सर,” ती म्हणाली, “ते आईची आठवण काढतायत.”

“एका शब्दात?”

“मराठी काटकसरी भाषा आहे, सर.”

“वाघचौरे, बरोबर आहे?”

मी देसलेकडे बघितलं. ती समोरच्या भिंतीवरच्या अग्निशामक नळकांड्याकडे बघत होती. चेहऱ्यावरची माशीसुद्धा हलत नव्हती.

“हो सर,” मी म्हणालो.

कार्ड पुढे सरकलं. माझा आवाज म्हणाला, “च्यायला, काय बसलीये बरोब्बर मागे.”

“पुढे?” तिरुमूर्ती म्हणाले.

“आईंशीच बोलतायत, सर. म्हणतायत, आई, तू माझ्या बरोब्बर मागे बसायचीस. आंघोळ घालताना. पाट घेऊन. माझ्या डोळ्यांत साबण जाऊ नये म्हणून.”

बरुआसाहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “झोरानियात मातेला फार मान आहे,” ते म्हणाले.

“बरोबर आहे, वाघचौरे?”

“साबणाचं… हो सर.”

कार्ड पुढे. माझा आवाज दबका झाला, स्वतःलाच दटावणारा, जणू कॉकपिटमध्ये कुणी झोपलं होतं. “गप्प बस, सुदाम. कुणाला ऐकू गेलेलं नाही. चल पुढे.”

देसले घुटमळली. “सर, हे जरा खाजगी आहे.”

“सांग.”

“त्यांना विचारा, सांगू का.”

“मी तुला विचारतोय.”

“ते म्हणतायत, आई, मला उंचीची भीती वाटते. लहानपणापासून वाटते. आपल्या घराच्या गच्चीवर पण वाटायची. कुणाला सांगू नकोस.”

कंट्रोलर माझ्याकडे दवाखान्यात पेशंटकडे बघतात तसा बघायला लागला. तिरुमूर्तींनी डायरी उघडली.

“तू लढाऊ वैमानिक आहेस,” ते हळू म्हणाले, “आणि तुला उंचीची भीती वाटते.”

“दोन वर्षं!” बरुआसाहेबांचे डोळे खरोखर भरून आले होते. “दोन वर्षं हा पोरगा थरथर कापत माझ्या देशासाठी उडाला! सर, आमच्याकडे याला पदक असतं. सोनेरी गव्हाची लोंबी.”

“आमच्याकडे याला वैद्यकीय तपासणी असते,” तिरुमूर्ती म्हणाले. “आजपासून उड्डाण बंद, डॉक्टर सांगेपर्यंत. बरोबर आहे हे, वाघचौरे?”

खरं सांगायचं तर अजून वाट होती. हो म्हणायचं, डॉक्टर तपासतील, त्यांना काही सापडणार नाही, आठवड्याभरात मोकळा. फळीवर नाव, अर्जावर सही. मी हिशेब केलासुद्धा. तेवढ्यात देसलेच्या हाताकडे लक्ष गेलं. ती सावधानमध्ये उभी होती, मुठी बंद, अंगठे विजारीच्या शिवणीवर. डावा अंगठा थरथरत होता. चेहरा नळकांड्याकडेच, आवाज आत्तापर्यंत एकदाही हलला नव्हता. फक्त अंगठा.

“मेलो,” मी म्हणालो.

“इंग्रजीत,” तिरुमूर्ती म्हणाले.

“त्या पहिल्या शब्दाचा अर्थ, सर. मेलो. मी मेलो होतो. दहा बेचाळीसला.”

“तुला ऐकू आलं नाही म्हणालास.”

“ऐकू नव्हतंच आलं, सर. दिसलं होतं. आरशात. ती मागे होती, मधोमध, चौकटीत फोटो बसवावा तशी. मला वळायला जागाच नव्हती. मग शिट्टी वाजली. म्हटलं, कुणाला ऐकू गेलं नसेल, तर…” इथे माझं इंग्रजी संपलं. “तर पुढे गेलो.”

“आणि उंचीची भीती?”

“नाही सर.”

“साबण?”

“साबण पण नाही, सर.”

तिरुमूर्तींनी डायरी मिटली, चष्मा काढून पुसला आणि देसलेकडे वळले.

“तू फार वाईट भाषांतर करतेस.”

“हो सर.”

“मी तमिळ, माझी बायको पंजाबी, आणि सासूबाई आमच्याकडे असतात. तीस वर्षं मी भाषांतर ऐकतोय. खोटं भाषांतर लांबीवरून ओळखू येतं. एका शब्दाला तू त्याची आई दिलीस तेव्हाच मला कळलं.”

“मग थांबवलं का नाहीत, सर?”

“तो कुठवर हो म्हणतो ते बघत होतो.” त्यांनी परीक्षेचा कागद ओढला, काहीतरी खोडलं, काहीतरी लिहिलं आणि सही केली. “पास. आता तुला कांदे-बटाटे वाहायला पाठवत नाही.” मग जरा थांबून, बराच वेळ मनात ठेवलेली गोष्ट बोलावी तसं ते म्हणाले, “म्हणजे मी जिवंत आहे.”

आणि स्वतः उठून पेंटरला थांबवायला गेले. तोवर पेंटरने ‘फ्लाइट लेफ्टनंट’ एवढं रंगवून ठेवलं होतं. तेलाचा रंग सागवानात मुरला, तो पुढे निघालाच नाही. ती फळी अजून तशीच आहे, असं ऐकतो. नवीन येणारा विचारतो, हा कोण. कुणी सांगत नाही.

बरुआसाहेब मात्र खुर्चीतून उठले नाहीत. अर्ज त्यांनी घडीवर फाडला, मग पुन्हा आडवा फाडला. खोटं बोललो याचा त्यांना राग नव्हता. तसं असतं तर मला बरं वाटलं असतं.

“तुला मरण आलं होतं,” ते म्हणाले. “सन्मानाने, हवेत, तुझा नेता अखेरचं भाषण करत असताना. आणि तू ते घेतलं नाहीस.”

“चुकलं, सर.”

“आता घ्यायचं. सात दिवस तू मेलेला. उडायचं नाही, ब्रीफिंगला यायचं नाही, राष्ट्रगीताला उभं राहायचं नाही. आणि माझ्या तुकडीतला कुणीही तुझ्याशी बोलणार नाही. झोरानियात मेलेल्यांशी बोलत नाहीत.”

“हे फाइलमध्ये आहे का, सर?”

साहेबांनी वर बघितलं, माझ्या आरपार बघितलं आणि कंट्रोलरला विचारलं, “काही आवाज आला का रे?”

दुपारी मी हँगरच्या मागे, खेजडीच्या झाडाच्या अर्ध्या सावलीत, एका उलट्या क्रेटवर मेलेला बसलो होतो. मघाशी खांद्यावर घेणारे तिघं चहा घेऊन समोरून गेले. एकाने माझ्या शेजारी ठेवलेली माझीच टोपी उचलली, “कुणाची आहे, कोण जाणे,” म्हणाला आणि घेऊन गेला. त्यांनी ते इतकं मनापासून चालवलं होतं की एकदा मी स्वतःच मनगटावर बोट ठेवून बघितलं.

देसले दोन ग्लास चहा घेऊन आली. एक माझ्यासमोर धरला आणि शेजारच्या क्रेटवर बसली.

“मेलेल्याशी बोलू नये,” मी म्हणालो.

“मी निळ्या पक्षाची आहे. आमच्याकडे चालतं.”

चहाचे दोन घोट घेऊन मी विचारलं, “खरं का नाही सांगितलंस? एक शब्द होता. जागच्या जागी पास झाली असतीस.”

“कुणी विश्वास ठेवला असता, सर? परीक्षा माझी, आणि भाषांतर करणार मीच. आयुष्यभर लोक म्हणाले असते, पोरीने तोंडाने पाडलं.” तिने ग्लासातली साय बोटाने काढून टाकली. “आणि मेलेल्यानेच म्हणायचं असतं ना? तुम्ही म्हटल्याशिवाय मी काय पाडलं?”

“आणि मी हो हो म्हणत राहिलो असतो तर?”

“कार्ड बरंच लांब होतं, सर. मी तुमच्या लग्नापर्यंत नेणार होते.”

“लग्नाचं काय सांगणार होतीस?”

“ते तुम्ही कुठे थांबताय त्यावर होतं.”

मी हसलो. बहुतेक त्या दिवशी पहिल्यांदाच. तिने फोन काढला आणि धुळ्याला लावला. पलीकडून इतक्या मोठ्याने आवाज आला की तिने फोन कानापासून हातभर लांब धरला. तीस वर्षं इंजिनशेजारी बसलेल्या माणसाचा आवाज.

“काय झालं वं?”

“पास झाले, अप्पा. एकाला पाडलं.”

“कोणाला?”

“इथेच बसलेत. चहा पितायत.”

“दे बरं त्यांना.”

मी फोन घेतला. “नमस्कार, अप्पा.”

“नमस्कार भाऊ. तुम्हालाच पाडलं का हो तिनं?”

“हो.”

“खरं सांगा बरं का. नीट पाडलं, का पोरगी म्हणून तुम्ही सोडून दिलं?”

देसले दुसरीकडे बघत होती. धावपट्टीच्या टोकाला कुणीतरी इंजिन सुरू केलं होतं, ते थोडं शांत होईपर्यंत मी थांबलो. एवढं तरी त्यांना स्वच्छ ऐकू जायला हवं होतं.

“नीट पाडलं, अप्पा. मी वाचायचा सगळा प्रयत्न केला. खोटंसुद्धा बोललो. तरी पाडलं.”

“हां,” ते म्हणाले. मग आवाज एकदम खाली आला, शेजारच्या सीटवरच्या माणसाशी बोलावं तसा. “जास्त लागनं नही ना भाऊ?”

“लागलं थोडं.”

“मग हळद घालून दूध घ्या,” अप्पा म्हणाले, “आणि दोन दिवस गाडी चालवू नका.”